माननीय संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र : पलटणीचा बँड पलटणीच्या गावांत येऊ द्या

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांच्या आधीच्या पिढीतलेही दोघे त्याच पलटणीत होते. लष्करी संचलने, बँडवादन आणि मानवंदनेचे सोहळे यांवर जो सार्वजनिक पैसा खर्च होतो त्याविषयी आपल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा खर्च थांबवा असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्यांच्या करातून आणि ज्यांच्या घरातल्या मुलांच्या घामातून हे सोहळे उभे राहतात, त्या माणसांना ते टीव्हीवर नव्हे तर समोर उभे राहून पाहता यावेत, एवढेच माझे मागणे आहे.

मला हे सोहळे मनापासून आवडतात आणि ते सांगताना संकोच वाटत नाही. शाळेत असताना मामांनी मला मुंबईला गेटवे ऑफ इंडियाजवळ नेले होते. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सोहळ्याची रंगीत तालीम चालू होती. नौसैनिकांची एक तुकडी, कोणी एकही हुकूम न देता, कवायत करत होती. रायफली हातांतून फिरत होत्या, रांगा एकमेकींतून आरपार जात होत्या, आणि पावलांच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नव्हता. माझ्या शेजारचा शेंगदाणेवाला टोपली जमिनीवर ठेवून, गिऱ्हाईक विसरून बघत राहिला होता. सूर्य मावळताना बिगूल वाजला आणि ध्वज सावकाश खाली येऊ लागला, तेव्हा कोणीही न सांगता ती सगळी गर्दी गप्प झाली. 1971 मध्ये कराचीवर चाल करून गेलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांची नावे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली, आणि ती पुस्तकातून पाठ करावी लागली नाहीत.

या खर्चावर आक्षेप घेणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. बूट चमकवण्यापेक्षा बंकर बांधा, बँडवर घालवता तो पैसा वीरनारींना, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींना, द्या, असे ते म्हणतात. परंतु 2025-26 या वर्षासाठी देशाची संरक्षण तरतूद 6 लाख 81 हजार कोटींहून अधिक होती, आणि एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात वीरनारीचे निवृत्तिवेतन आणि पलटणीचा ढोल एकमेकांच्या आड येण्याचे कारण नाही. शिवाय बँडमधला जवान हा नुसता वाजंत्री नसतो. लढाईच्या वेळी वाद्य बाजूला ठेवून जखमींना स्ट्रेचरवर उचलून मागे आणण्याचे काम त्याच्याकडे येते आणि त्याचे प्रशिक्षणही त्याला दिलेले असते. त्याचा पगार, त्याची वाद्ये, पचमढीच्या लष्करी संगीत विद्यालयातले त्याचे शिक्षण, हा सगळा खर्च आपण आधीच केलेला आहे. प्रश्न आहे तो इतकाच, की हा बँड वाजतो कोणासाठी?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एका शहरात लष्करी सोहळा होता आणि वडिलांना तो पाहायचा होता. पदके ब्रासोने घासून, कोट घालून, गुडघे दुखत असताना ते माझ्याबरोबर दोन बस बदलून आले. पास नव्हता, म्हणून आम्हाला अडथळ्यांच्या बाहेर थांबवले. बंदोबस्तावरचा जवान अदबीने बोलला, त्याचा काही दोष नव्हता. बँडचा आवाज येत होता, दिसत काही नव्हते. कापडी पडद्याच्या फटीतून मला मात्र आतल्या पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा रिकाम्या दिसल्या. ज्यांना पास मिळाले होते ते आलेच नव्हते. पलटणीची धून सुरू झाली तेव्हा वडील तिथेच, रस्त्याच्या कडेला, सावधान स्थितीत उभे राहिले. परत येताना ते एवढेच म्हणाले, “वाजवलं चांगलं.”

महोदय, दिल्लीतल्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तिकिटे 20 आणि 100 रुपयांना मिळतात, आणि शेतकरी, कारागीर, बचतगटातल्या महिला यांना विशेष पाहुणे म्हणून बोलावण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत वाढली आहे, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण 20 रुपयांचे तिकीट हे दिल्लीत राहणाऱ्याला 20 रुपयांचे असते. साताऱ्याहून निघणाऱ्या माणसाला गोवा एक्सप्रेसमध्ये एक दिवस आणि एक रात्र काढावी लागते, जानेवारीच्या थंडीत दिल्लीत मुक्काम करावा लागतो आणि शेतावर कोणाला तरी ठेवून यावे लागते. पहिले संचलन 1950 मध्ये आयर्विन स्टेडियमवर झाले आणि 1955 पासून ते राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, स्थिरावले. राजधानीचे स्थान राजधानीलाच शोभते, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या मुलखातून सैन्य येते त्या मुलखाचेही काही स्थान असावे.

आमच्याच जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले, त्यांचे स्मारक गावात उभे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांतली तरुण मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, ती भरतीच्या तयारीसाठी. 14 जुलै 2009 रोजी पॅरिसच्या शांझेलिझे रस्त्यावर फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी चालली, तेव्हा आमच्या गावात ज्याच्या घरी टीव्ही चालू होता तिथे माणसे दारापर्यंत उभी होती. पॅरिसच्या नागरिकांनी आमची पलटण फुटपाथवर उभे राहून पाहिली. तीच पलटण तिच्या स्वतःच्या मुलखात, एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेतून बँड वाजवत चाललेली मी आजवर पाहिलेली नाही.

लष्कराला हे जमत नाही असे नाही. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला माझ्या चुलत भावाची कसम परेड, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घेण्याचे संचलन, झाली, तिला आई-वडिलांना बोलावले होते. काकू पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर गेल्या होत्या. त्या म्हणत होत्या, “सगळी पोरं सारखीच दिसतायत, आपला कुठला?” रांग जवळ आली आणि डाव्या खांद्याच्या किंचित झुकण्यावरून त्यांनी मुलाला ओळखले. त्या दिवसानंतर त्यांनी मुलगा सैन्यात गेल्याची काळजी करणे थांबवले असे नाही, पण तो कोणाबरोबर आहे हे त्यांना कळले. दूरदर्शनवरचे चित्रण कितीही उत्तम असले, तरी हे त्याने साधत नाही.

सेना दिनाचे संचलन दिल्लीबाहेर नेण्याचा निर्णय म्हणूनच मला मोलाचा वाटतो. 2023 मध्ये बेंगळुरू, 2024 मध्ये लखनौ आणि 15 जानेवारी 2025 रोजी पुण्याच्या खडकीत, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या मैदानावर, ते झाले. यंत्रमानवी खेचरे त्या दिवशी जवानांबरोबर चालली, त्याची चर्चा आमच्या पारावर आठवडाभर होती. 2026 मध्ये जयपूरला तर संचलन छावणीच्या भिंतीबाहेर, शहरातल्या महाल रोडवर आले. ही दिशा योग्य आहे. तिला आणखी एक पाऊल पुढे न्यावे, शहरांकडून जिल्ह्यांकडे आणावे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी मोठ्या संचलनाची गरज नाही. वर्षातून एकदा, रेजिमेंटल सेंटरच्या बँडने आपल्या भरतीच्या मुलखात आठ-दहा दिवसांचा दौरा करावा. बेळगावहून निघून कोल्हापूर, सांगली, सातारा, आणि वाटेत अपशिंग्यासारखी दोन-तीन गावे. ठिकाण म्हणून शाळेचे मैदान किंवा बाजारतळ पुरेसा आहे. वेळ सायंकाळची असावी, म्हणजे शेतातून परतलेली माणसे येऊ शकतील. तासभर वादन, गावातल्या स्मारकाला मानवंदना, आणि शेवटी बिगूल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या आणि वीरनारींच्या याद्या असतात. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवाव्यात, आणि पालकमंत्र्यांसह इतर सर्वांनी त्यांच्या मागे बसावे. मंडपावर, स्वागतकमानीवर, फलकांवर एक रुपयाही खर्च करू नये. गाड्यांचे डिझेल, बँडचा भत्ता आणि मुक्कामाची सोय, एवढ्यावर हे भागेल.

या संदर्भात एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. 2022 मध्ये दिल्लीच्या विजय चौकातल्या बिटिंग रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांचा समारोप करणाऱ्या बँडवादनात, ‘अबाइड विथ मी’ या प्रार्थनेच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून वाजली. गांधीजींना प्रिय असलेली ती जुनी प्रार्थना काढायला नको होती, दोन्ही धून राहू शकल्या असत्या, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण नव्या धूनेचा आनंदही तितकाच झाला, कारण तिचे संगीतकार सी. रामचंद्र हे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. विजय चौकात ती वाजली तेव्हा समोर राष्ट्रपती होते. एखाद्या वर्षी ती पुणतांब्याच्या शाळेच्या पटांगणावर, लष्कराच्याच बँडकडून वाजली, तर त्या गावाला काय वाटेल याचा आपण विचार करावा.

खर्चाबाबतही एक विनंती आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा खर्च अनेक खात्यांत वाटला जातो. बैठकव्यवस्था एकीकडे, सुरक्षा दुसरीकडे, चित्ररथ राज्यांकडे आणि निरनिराळ्या मंत्रालयांकडे. आपल्या मंत्रालयाने दरवर्षी सोहळ्यानंतर एका पानावर, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत, एकत्रित खर्च, तिकिटांतून आलेली रक्कम, पासांवर दिलेल्या जागा आणि त्यांपैकी रिकाम्या राहिलेल्या जागा हे चार आकडे जाहीर करावेत. लोक लष्करासाठी हात आखडता घेत नाहीत. पुण्यातले दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि 15 ऑगस्ट 1998 रोजी त्याचे लोकार्पण झाले. स्वखुशीने वर्गणी देणाऱ्या लोकांपासून हिशेब दूर ठेवण्याचे काही कारण नाही. आणि सोहळा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ज्या खुर्च्या रिकाम्या असतील, त्या सुरक्षा तपासणी करून बाहेर उभ्या असलेल्यांना द्याव्यात, असा नियमच करावा.

माझे वडील आता 79 वर्षांचे आहेत. बँड आमच्या तालुक्याला येणार असेल, तर तारीख महिनाभर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर लावण्याची व्यवस्था करावी. पदके घासायला त्यांना आता वेळ लागतो.

आपला विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एका माजी सैनिकाचा मुलगा