भिंग माझ्याकडेच राहिलं, उस्ताद

उस्ताद,

समोर आभार मानायला गेलो, तर "गाडी पळते ना? मग झालं," म्हणत तुम्ही हात पुसत आत निघून गेलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्याआधी गाडी तिघांनी पाहिली. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवल्यापासून उन्हात जरा दाबली की इंजिन खडखडायचं. पहिल्याने टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, इतकं मागे घेतलं की गाडीची बैलगाडी झाली. दुसऱ्याने पेट्रोल वाढवलं, तर काळा धूर. तिसऱ्याने वॉटर इंजेक्शन, म्हणजे इंजिनात पाण्याचा फवारा, बसवलं आणि गाडी उभ्या जागी आचके द्यायला लागली. विचारलं, तर "पाणी घातलं की असंच होणार!" पैसे मात्र तिघांनीही मोजून घेतले.

तुम्ही लॅपटॉपला हातही लावला नाहीत. स्पार्क प्लग काढलात आणि खिशातलं भिंग माझ्यापुढे धरलंत. "आधी तुम्ही बघा." पांढऱ्या पोर्सेलीनवर मिठापेक्षा बारीक, चकचकीत ठिपके. "हे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम." पोटात गोळाच आला. वर्षभर नुसता आवाज ऐकत होतो, झीज त्या दिवशी पाहिली. त्या तिघांनी मला भिंग सोडा, प्लगही दाखवला नव्हता.

पुढचं सगळं मला कळलं असं नाही. पाणी फवारणारा नोझल मोठा होता, शिवाय आयडलला, म्हणजे गाडी उभ्या जागी चालू असताना, इंजिनातला व्हॅक्यूम टाकीतलं पाणी आपसूक ओढत होता, एवढं समजलं. नोझल बदललात, व्हॉल्व्ह टाकलात, मग एकेक अंश टायमिंग पुढे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, हे शाळेत घोकलं होतं. ती उष्णता सिलिंडरमधून जाते हे तुमच्याकडे उमगलं.

निघताना तुम्ही पाण्याची टाकी मुद्दाम रिकामी केलीत आणि म्हणालात, "आता दाबा." माझा पाय उचलेना. दाबला, तर बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, आपोआप उतरला. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकी गाडीलाही पाणी-मिथेनॉलची टाकी होती, लोक ती भरायलाच विसरायचे, हे तेव्हाच सांगितलंत. "माणूस विसरणारच. इंजिनाने का भोगावं?" चुकणाऱ्या गिऱ्हाईकाची इतकी काळजी करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

परवा मीच प्लग काढले. चारही स्वच्छ, फिकट तपकिरी. भिंग धुऊन-पुसून ठेवलंय. येत्या रविवारी आणून देतो, तेवढं दार उघडं ठेवा.