'सर्व वयांसाठी' ही पाटी आधी उतरवा: मुलांच्या मणक्यांबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मुलांच्या माना, पाठी, पाय हातांनी तपासणं आणि हातांनीच सुधारणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हातांच्या उपचारांवर माझा राग असण्याचं कारण नाही. राग आहे तो 'नवजात बाळापासून आजोबांपर्यंत, सर्व वयांसाठी' या कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणक्यांना दाब किंवा झटका देऊन करायच्या उपचारांच्या, जाहिरातींत सर्रास दिसणाऱ्या वाक्यावर. आजोबांचं आजोबा बघून घेतील. सहा आठवड्यांच्या बाळाला कोणी विचारत नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. मुलांच्या कण्याला झटका देण्याचे उपचार कोणत्या वयात, कशासाठी आणि कोणाच्या तपासणीनंतर करता येतील, हे वयानुसार नियमाने ठरवून द्या.

झटका म्हणजे काय, तेही स्पष्ट असू दे. सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथे थोड्या अंतराचा, पण वेगवान धक्का द्यायचा. याला मॅनिप्युलेशन म्हणतात. कायरोप्रॅक्टर ॲडजस्टमेंट म्हणतात. मोठ्या माणसांत बऱ्याचदा 'कट्' असा आवाज येतो आणि मणका जागेवर बसला असं वाटून माणूस खूश होतो. तो आवाज हाड बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते तिचा असतो. तान्ह्या बाळांवर बहुतेक कायरोप्रॅक्टर एवढा जोर लावत नाहीत, बोटाच्या टोकाने हलका दाब देतात, हेही खरं आहे. पण 'बहुतेक' या शब्दावर सार्वजनिक आरोग्य चालवता येत नाही.

आता बाळाकडे या. पाठीवर झोपलेल्या महिन्या-दीड महिन्याच्या बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवलं, तर खांदे वर येतात आणि डोकं मागेच लोंबकळतं. चार-पाच महिन्यांनी हीच तपासणी केली, तर डोकं खांद्यांबरोबर वर येतं. बाळाने मान धरली, असं आपण म्हणतो. या मधल्या काळात, जन्मतः शरीराच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असलेलं ते डोकं एका अतिशय सैल मानेवर तोललेलं असतं. आत बघितलं तर बहुतेक मणके अजून सलग हाडही नसतात. प्रत्येकाचे तीन हाडाचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये कुर्चा असते, आणि ते जुळून यायला तीन ते सहा वर्षं लागतात. मानेतले छोटे सांधे मोठ्यांच्या मानाने आडवे, अस्थिबंध ढिले. मानेची ठेवण मोठ्यांसारखी व्हायला आठ-दहा वर्षं जातात. थोडक्यात, बाळाचा कणा ही मोठ्या माणसाच्या कण्याची छोटी प्रत नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या तान्ह्या बाळांत मान एका बाजूला कललेली बरीच असतात. गळ्याच्या बाजूचा मोठा स्नायू आखडलेला असतो, कधी त्यात दोन ते चार आठवड्यांच्या वयात बोराएवढी गाठ हाताला लागते. लवकर सुरुवात केली तर हळुवार ताण, जागेपणी पालथं ठेवणं, दूध पाजण्याची आणि झोपवण्याची बाजू बदलणं एवढ्यावर बहुतेक बाळं सुधारतात. झटक्याची गरज लागत नाही. पण काही थोड्या बाळांत मान वाकडी असण्याचं कारण स्नायूत नसतंच. डोळ्याच्या स्नायूत दोष असतो आणि नीट दिसावं म्हणून बाळ मान कलती ठेवतं. किंवा मानेचे मणके जन्मतः जोडलेले असतात. क्वचित मेंदूच्या मागच्या भागात गाठ असते. गळ्याच्या स्नायूत गाठ हाताला लागत नसेल, बाळ सुस्त असेल, उलट्या करत असेल, किंवा आधी सरळ असलेली मान नंतर वाकडी झाली असेल, तर मी हात मागे घेते आणि आधी डॉक्टरांकडे पाठवते. हे मला शिकवलं गेलं आणि न पाठवल्यास जाब विचारणारी परिषद माझ्यावर आहे. मुलांच्या मानेला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर तशी परिषद असावी.

तान्ह्यांना कायरोप्रॅक्टरकडे नेण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र रडणं. कॉलिक. रात्र रात्र रडणाऱ्या बाळाच्या आईबापांना मी कधीच दोष देणार नाही, त्या अवस्थेत माणूस कोणाचंही ऐकतो. पण हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. सहाव्या आठवड्यात ज्याच्याकडे न्याल त्याला नवव्या आठवड्यात यश मिळणारच. नॉर्वेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही बाळांना कायरोप्रॅक्टिक उपचार दिला आणि बाकीच्यांना नर्सने फक्त हातात धरून ठेवलं. आईबापांना कोणाचं काय झालं ते सांगितलं नाही. दोन्ही गटांतली बाळं सुधारली, आणि त्यांच्यात दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या आढाव्यातही हेच दिसलं: सगळे अभ्यास एकत्र केले की फायदा दिसतो, पण पालकांना उपचाराचा पत्ता नव्हता तेवढेच अभ्यास घेतले की तो विरतो.

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की तक्रारी बदलतात आणि दावेही बदलतात. कान दुखणं, दमा, अंथरूण ओलं करणं, चंचलपणा. या सगळ्याचं मूळ मणक्यात आहे ही कल्पना 1895 ची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ती मांडली: मणका जागचा हलतो, मज्जातंतू अडतो, आणि त्यातून रोग होतात. त्यानंतर जंतुशास्त्र पुढे गेलं, एमआरआय आला, आणि ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक परिषदेने 2010 साली सांगून टाकलं की त्या कल्पनेच्या बळावर रोगाबद्दल दावे करण्याइतका पुरावा नाही. दम्याची गोष्ट तर केव्हाच तपासून झाली. कॅनडातल्या 7 ते 16 वयाच्या मुलांवरची चाचणी 1998 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. नेहमीच्या औषधांना खऱ्या मॅनिप्युलेशनची जोड दिली काय आणि नुसत्या अभिनयाची दिली काय, निकाल तोच. अंथरुणाचंही तसंच. पाच वर्षांच्या साधारण 15 टक्के मुलांना हा त्रास असतो आणि दरवर्षी त्यातल्या जवळपास तेवढ्याच टक्क्यांचा तो आपसूक जातो. ज्यांचा जात नाही त्यांच्यासाठी ओल जाणवताच वाजणारा अलार्म आहे, औषध आहे.

मंत्रीमहोदय, 'पण यातून इजा किती होते?' हा प्रश्न आपल्याला सल्लागार नक्की विचारतील. प्रामाणिक उत्तर असं, की नोंद झालेल्या गंभीर इजा फार थोड्या आहेत. 2007 मध्ये पीडिॲट्रिक्स या नियतकालिकात जगभरच्या नोंदींचा आढावा आला, त्यात मुलांना थेट इजा झाल्याच्या 14 घटना सापडल्या आणि त्यांतल्या 9 गंभीर होत्या. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, दोन्ही पाय लुळे पडणं, अशा. पण त्याच आढाव्यात आणखी 20 मुलं होती, ज्यांचा मधुमेह, कर्करोग किंवा मेंदूज्वर वेळेवर ओळखला गेला नाही किंवा ज्यांना अशा आजारात भलताच उपचार मिळाला. माझ्या मते खरा धोका हा आहे, आणि तो कधीच नीट मोजला जात नाही, कारण उशीर झालेल्या निदानाचं खापर कोणाच्या नावावर लिहायचं याची वहीच नाही. जिथे नोंद ठेवण्याची सक्तीच नाही तिथे 'इजा आढळल्या नाहीत' याला फारसा अर्थ उरत नाही.

मोठ्या मुलांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, आणि 'सरसकट बंदी घाला' म्हणणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांना ते आवडणार नाही. 12 ते 18 वयाच्या मुलांत पाठदुखी खरोखर असते. अमेरिकेत जुनाट कंबरदुखी असलेल्या 185 मुलामुलींवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम अधिक मॅनिप्युलेशन घेणाऱ्यांची वेदना वर्षभरात थोडी जास्त कमी झाली. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या 9 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात दुखणं पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. म्हणजे किशोरवयात, पाठीच्याच दुखण्यासाठी, तपासणीनंतर आणि व्यायामाच्या जोडीने या उपचाराला थोडी जागा आहे. तिथे दार बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण 'तपासणीनंतर' यावर मी अडून बसेन. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पायातली शक्ती कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, किंवा पाच वर्षांखालच्या मुलाची पाठदुखी: यांपैकी काहीही असलं तर आधी डॉक्टर. खेळाडू मुलांत मणक्याच्या मागच्या कमानीला पडलेली बारीक चीर नुसतं 'आखडलंय' म्हणून सुटून जाऊ शकते. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. तिथे एक धक्का मज्जारज्जूवर जाऊ शकतो.

आणि पाठीचा बाक, म्हणजे कणा एका बाजूला वळणं (स्कोलिओसिस). दहा-बारा वर्षांच्या मुलीला पाय जुळवून पुढे वाकायला सांगितलं की कधी एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसतात. आईने फक्त फ्रॉक एका बाजूला लोंबतोय एवढंच पाहिलेलं असतं. तो बाक 25 ते 40 अंशांत असताना, उंची वाढायची शिल्लक असताना, धडाला आधाराचा पट्टा (ब्रेस) बांधला तर उपयोग होतो. 2013 च्या मोठ्या अभ्यासात पट्टा बांधलेल्या मुलांपैकी 72 टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत गेला नाही, न बांधलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. मणके 'सरळ करून' घेण्यात वर्ष गेलं तर ती वाढ परत येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावा. दोन आठवड्यांच्या बाळावरच्या उपचाराचा व्हिडिओ गाजल्यावर 2019 मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने दोन वर्षांखालील मुलांच्या कण्याचं मॅनिप्युलेशन थांबवलं. व्हिक्टोरिया राज्याच्या तज्ज्ञ समितीला इजेचे पुरावे फार कमी मिळाले, हजारो पालकांनी चांगले अनुभव कळवले, तरी फायद्याचा भक्कम पुरावा नाही म्हणून बाराखालच्या मुलांवर कॉलिक, दमा, कानाचा संसर्ग, अंथरूण ओलं करणं, स्वमग्नता यांसाठी हे करू नये अशी शिफारस तिने केली. 2023 अखेरीस मंडळाने बंदी सैल केली आणि तिथल्या आरोग्यमंत्र्यांनीच आक्षेप घेतल्यावर 2024 मध्ये ती पुन्हा लागू केली. मंत्र्यांच्या बोलण्याने फरक पडतो तो असा.

म्हणून आपल्या नियमांत दोन वर्षांखाली मॅनिप्युलेशन नकोच. दोन ते बारा वयात मणक्यापलीकडच्या कोणत्याही आजारासाठी नको, त्याची जाहिरातही नको. बारानंतर डॉक्टरांच्या तपासणीची चिठ्ठी, पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार हवा, आणि वीस बैठकांचे पैसे आगाऊ घेण्यावर बंदी हवी. सगळ्या वयांत दुष्परिणामांची सक्तीची नोंद हवी. आणि हे नियम पदवी बघून लावू नका, कृती बघून लावा: कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हातांनीच हाडं-सांध्यांवर उपचार करणारे दुसऱ्या पद्धतीचे लोक), डॉक्टर आणि आम्ही फिजिओथेरपिस्टसुद्धा. आमच्याच आंतरराष्ट्रीय संघटनांच्या कार्यगटाने 2024 मध्ये तान्ह्या बाळांवर मॅनिप्युलेशन करू नये असं म्हटलं आहे, तेव्हा आमच्यापैकी कोणी कुरकुर केली तर ते निवेदन त्यांच्यासमोर ठेवा.

मसुदा तयार करणाऱ्या समितीत बालरोगतज्ज्ञांबरोबर एक कायरोप्रॅक्टरही घ्या. तान्ह्यांना हात न लावणारे आणि शंका आली की मूल डॉक्टरांकडे पाठवणारे कायरोप्रॅक्टर मला माहीत आहेत. नियम कुठे पळवाट देतात ते त्यांना आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आपली,
मुलांसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट