आबा, भोंगा इथेही व्हायचा

वूच, पोलंड

प्रिय आबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की बाळा, तुझ्या त्या गावात आहे तरी काय, आणि मी थंडी नि बर्फाचं सांगून विषय संपवला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज नीट टाईप करतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

स्पेलिंग बघून सगळे लोड्झ म्हणतात, पण खरा उच्चार वूच, म्हणजे होडी. आणि आबा, हे गाव म्हणजे पोलंडचं गिरणगावच हो! सुताच्या गिरण्या, विटांच्या चिमण्या, आणि पूर्वी पहाटे भोंगा झाला की माणसांचे लोंढे निघायचे. १९३१ च्या जनगणनेत सहा लाखांवर वस्ती, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू, शिवाय बरेच जर्मन, त्यामुळे एकाच रस्त्यावर पोलिश, यिद्दिश आणि जर्मन अशा तीन भाषांचे पेपर विकले जायचे. तो रस्ता म्हणजे प्योत्रकोव्स्का, चार किलोमीटर सरळसोट. विजेची ट्राम इथे १८९८ लाच आली, आपल्या मुंबईत १९०७ ला.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते घरांच्या मधल्या चौकातलं. माझ्या शेजारी एक आजी राहतात, नव्वदी पार केलेल्या, त्यांची आई गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होती, ट्रामचे पैसे वाचवायला रोज चालत जायची. त्यांचं घर म्हणजे आपली चाळच समजा, एका खोलीत सगळं बिऱ्हाड, मधे चौक, चौकात पाण्याचा हातपंप आणि संडास. रात्री रखवालदार फाटक बंद करायचा, उशीर झाला तर घंटी वाजवायची आणि त्याच्या हातावर नाणं ठेवायचं तेव्हा आत. दिवसा मात्र चौकात कोणीही यायचं, चाकूला धार लावणारा, चिंध्या गोळा करणारा, हँडल फिरवून पेटीबाजा वाजवणारा. गाणंबजावणं आवडलं की वरच्या खिडकीतून कागदाच्या पुडीत नाणं बांधून खाली टाकायचे. कागद कशाला विचारलं तर आजी म्हणाल्या, अगं, सुटं नाणं टाकलं तर दगडांवरून घरंगळत गटारात जायचं ना!

आणि ते गटार. एवढं मोठं शहर पण जमिनीखालची गटारं बांधायला सुरुवात झाली १९२५ मध्ये, तोवर सगळं रस्त्याच्या कडेने उघडं वाहायचं. जिथे गिरणीचं पाणी सोडायचे तिथे त्या दिवशी जो रंग लागला असेल तो पाण्याला, कधी निळा कधी लाल, आणि पोरं काडी बुडवून बघायची आज कोणता. वास तर विचारू नका म्हणाल्या.

जेवायला झालेवायका, म्हणजे राईचं पीठ आंबवून बटाटे घालून केलेलं आंबट सूप. पहिला घास घेतला आणि मला आपल्या आजीची आंबील आठवली, खरंच सांगते.

दिवस चांगले नव्हते पण. आधी इथला माल रशियात जायचा, पहिल्या महायुद्धानंतर ती बाजारपेठच गेली, मग जागतिक मंदी आली, १९३३ च्या मार्चमध्ये कापड कामगारांचा मोठा संप झाला. हे वाचताना मला मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप आठवला, म्हणजे तुम्ही सांगितलेलं ८२.

आजींच्या चौकात तळमजल्यावर एक ज्यू शिंपी राहायचा, त्याच्या मुली आजींच्या मैत्रिणी. १९४० मध्ये जर्मनांनी बाउती भागात घेटो केला, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, ते कुटुंब तिकडे गेलं, परत कोणी आलं नाही. एवढं सांगून आजी गप्प झाल्या आणि मला काही बोलताच आलं नाही.

रविवारी इथल्या टेक्स्टाईल म्युझियममध्ये गेले होते, तिथे जुने साचे चालवून दाखवतात. आवाज सुरू झाला आणि माझ्या डोळ्यात टचकन पाणीच आलं आबा, तुम्ही अजूनही मोठ्याने का बोलता ते तिथे उभं राहून कळलं. रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवलंय, दादाला लावून द्यायला सांगा, स्पीकर फुल करून.

आणि हो, तुमच्या गिरणीचा पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा? शेजारच्या आजींनी विचारलंय.

तुमची नात