लिस्बनहून बाबांना

लिस्बन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वास्को द गामाची कबर पाहिलीस का, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. काल पाहिली. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्याच आहे. संगमरवरी गामा हात जोडून उताणा निजलाय, खाली दगडात जहाज कोरलंय. खांबांवर तर जहाजाचे दोर असे कोरलेत की पीळसुद्धा मोजता यावेत. हे सगळं बांधायला राजा मनुएलने आफ्रिका नि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर लावला होता. मिरी आपल्याकडची, मठ यांचा! बराच वेळ तिथून हलवेना.

त्यांची हिंमत मी नाकारत नाही. चार जहाजं घेऊन १४९७ च्या जुलैत इथून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मलिंदीहून वाटाड्या सोबत होता, वाराही पाठीशी होता, म्हणून शेवटचा समुद्र महिन्याच्या आत पार झाला. परतताना मात्र घाई नडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं, तेव्हा ईशान्येचे वारे कुठे धरले होते? तुम्ही असतात तर थांबा म्हणाला असतात. तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून माणसं मेली. शेवटी हाकायला हात पुरेनात म्हणून ‘साओ राफाएल’ हे जहाज स्वतःच जाळावं लागलं.

म्हणजे त्या पाण्यावर गुजराती, अरब, मलबारी लोकांची ये-जा आधीपासून होतीच. पोर्तुगिजांनी नवीन आणलं ते तोफेच्या बळावर समुद्रावर मालकी सांगणं. १५०२ मध्ये गामा पुन्हा आला, तेव्हा मक्केहून परतणारं जहाज त्याने बायकामुलांसकट पेटवून दिलं. शेकडो माणसं. कबरीपुढे उभी असताना मला तेच आठवत होतं.

मग आला ‘कार्ताझ’, म्हणजे परवाना. जहाज कोणाचं, तांडेल कोण, हत्यारं किती, जाणार कुठे, सगळं त्यात लिहिलेलं. त्यांच्या ठाण्यावर जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तिलासुद्धा या परवान्यापायी सुरतेत ताटकळावं लागलं. बादशहाच्या घरची ही गत, तर आपल्या किनाऱ्यावरच्या साध्या गलबतवाल्याला कोण विचारतो? पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने गेलो, तिथे जायला परक्याची चिठ्ठी! मला याचा संताप येतो, बाबा. साम्राज्याची सुरुवात मला गोवा घेतलं त्या १५१० पेक्षा या कागदात जास्त दिसते. कान्होजी आंग्र्यांनी पुढे स्वतःचे दस्तक, म्हणजे आपले परवाने, सुरू केले, त्याचं मोल मला इथे येऊन कळलं.

आपली वसई त्यांना १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली. त्याला हुमायूनची धास्ती होती, मदत हवी होती. आपल्या लोकांना कोणी विचारलं नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षं गेली.

मठाला लागूनच नौदलाचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आहेत. रविवारी जाऊन शिडांचे जवळून फोटो काढते नि दादाच्या मोबाईलवर पाठवते. तसल्या शिडांवर वाऱ्याच्या तोंडावर कितपत जाता आलं असतं, ते तुम्ही पाहून सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी