रणनीतीकाराला निकालानंतर पगार कोण देतो?

महोदय,

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांत रणनीतीकारांच्या मुलाखती येऊ लागतात. वॉर रूम, बूथनिहाय आकडे, कोणती घोषणा कोणाला सुचली, सगळं सविस्तर छापलं जातं. निकालानंतर हाच माणूस कोणाचे पैसे घेऊन मंत्र्यांच्या दालनात जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. मी नोकरीभर नगरपालिकांचे हिशेब तपासले, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडे जातं. म्हणूनच अमेरिकेतले निवडणूक रणनीतीकार पॉल मॅनाफोर्ट यांच्या कारकिर्दीकडे आपल्या वाचकांचं लक्ष वेधावंसं वाटतं.

१९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षपदासाठीच्या दक्षिणेकडच्या प्रचाराची सूत्रं त्यांच्याकडे होती. त्याच वर्षी चार्ल्स ब्लॅक आणि रॉजर स्टोन यांच्यासह त्यांनी कंपनी काढली. आधी उमेदवार निवडून आणायचे आणि मग गिऱ्हाइकांची कामं घेऊन त्यांच्याच दारी जायचं, असा हा धंदा. फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस यांच्या बाजूने वर्षाला साडेनऊ लाख डॉलरचा करार झाला, अंगोलातले बंडखोर नेते साविंबी यांच्याकडून सहा लाखांचा. या गिऱ्हाइकांच्या राज्यात माणसं कशी मरत होती, याची नोंद कुठल्या बिलात होत नाही.

यात आपलाही संबंध आहे. १९९० ते १९९४ या काळात याच कंपनीला काश्मिरी अमेरिकन कौन्सिल या अमेरिकेतल्या संस्थेकडून सात लाख डॉलर मिळाले. काश्मीर त्या वर्षांत पेटलेलं होतं. या कौन्सिलमागे पाकिस्तानच्या आयएसआयचा पैसा होता, हे २०११ मध्ये तिच्या प्रमुखाने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केल्यावर पक्कं झालं. कंपनीला तेव्हा ते ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण एवढी रक्कम कुठून येते हे विचारायला नको होतं का?

पुढे युक्रेनमध्ये यानुकोविच यांना मॅनाफोर्ट यांनी २०१० मध्ये अध्यक्षपदापर्यंत नेलं. तो पैसा सायप्रसमधल्या खात्यांत जमा व्हायचा आणि तिथूनच घर, गालिचे, कपडे यांची बिलं भागवली जायची. शहामृगाच्या कातड्याचं १५ हजार डॉलरचं जाकीटसुद्धा खटल्यात पुढे आलं. यानुकोविच २०१४ मध्ये पळाले, उत्पन्न आटलं, मग बँकांना खोटी कागदपत्रं देऊन कर्जं काढली गेली. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचं अध्यक्षपद मॅनाफोर्ट यांच्याकडे आलं आणि युक्रेनच्या पैशांचा बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये गेलं. २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीने करचुकवेगिरी आणि बँक फसवणुकीसह आठ आरोपांत त्यांना दोषी ठरवलं. हा आणि वॉशिंग्टनमधला दुसरा खटला मिळून शिक्षा साडेसात वर्षांची. डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. ज्याच्या प्रचाराची धुरा वाहिली त्यानेच माफ करावं, हे मला अजून पटत नाही.

तरीही तिथे कागद होता. परदेशी पैशावर लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय गिऱ्हाइकाच्या बाजूने वळवण्याची रदबदली, करणाऱ्याने सरकारदरबारी नोंद केलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९३८ पासून आहे. त्याखाली मॅनाफोर्ट यांच्या कंपनीला २०१७ मध्ये उशिरा का होईना, यानुकोविच यांच्या पक्षाकडून दोन वर्षांत एक कोटी ७१ लाख डॉलर मिळाल्याचं लिहून द्यावं लागलं. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही. वॉलमार्टने भारतात शिरण्यासाठी तिकडे लॉबिंगवर पैसे खर्चल्याचं २०१२ मध्ये आपल्या संसदेत गाजलं, तेही अमेरिकी सिनेटकडे भरलेल्या विवरणपत्रामुळे.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती आहे : येत्या निवडणुकीत रणनीतीकाराची मुलाखत घेताना त्याच्या कंपनीचे इतर ग्राहक कोण आणि त्यांतल्या कोणाचं काम सरकारकडे अडलं आहे, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

– एक निवृत्त लेखापरीक्षक, सातारा