अंडी समुद्रात, पिल्लं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जूनला मासेमारी बंदी लागली की आपल्या अंकात शाकारलेल्या होड्यांचा फोटो येतो. यंदाही आला. सोबतच्या लेखात म्हटलंय की ३१ जुलैपर्यंतच्या या ६१ दिवसांत मासळीला समुद्रात अंडी घालायला उसंत मिळते. बरोबर आहे. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू पुढं वाढतं कुठं, यावर लेखात एक ओळ नाही. मी कोळी नाही. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, धरमतर खाडीच्या काठचा भातशेतकरी. बांधावर उभं राहून जे दिसतं तेवढंच लिहितो.

आमच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, उघाडी आहे. म्हणजे बांधातून पाणी जायला मोरी आणि तिला खाडीच्या अंगानं झडप. भरतीच्या रेट्यानं झडप मिटते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की रात्री या मोरीशी बॅटरी मारून बघावं. गोडं पाणी जिथून सुटतं तिथं बारकी मासळी दाटलेली असते. कोळंबीची पिल्लं काचेच्या तुसासारखी, अंग दिसतच नाही, नुसते डोळ्यांचे काळे ठिपके हलतात. जिताडा या मोठ्या खाडीमाशाचं पिल्लू बोटाच्या पेराएवढं, मातकट, आणि डोक्यावरून पाठीकडं गेलेली पांढुरकी रेघ. त्या रेघेवरूनच आम्ही पोरं ते ओळखायचो आणि डब्यात भरून घरामागच्या तळ्यात सोडायचो. (वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या चिवणी माशांची मजा वेगळी, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.)

ही पिल्लं जन्मानं इथली नव्हेत. पांढरी मोठी कोळंबी अंडी घालते ती बाहेर समुद्रात. पिल्लं काही दिवस पाण्यावर वाहतात, मग भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, मुळांशी उथळ चिखलात वाढतात आणि अंगानं भरली की परत समुद्राला लागतात. चिंबोरीची मादी उलट अंडी सोडायला खाडीतून बाहेर जाते. जिताड्याची तर कथाच निराळी. तो खाडीत, गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात उतरतो. त्यातही सुरुवातीला तो नर असतो, काही वर्षांनी थोराड झाला की त्याचीच मादी होते. मधल्या वयाचे सगळे उचलले तर मादी व्हायला उरणार कोण? चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ सालीच जिताड्याचं बी, म्हणजे सोडायची पिल्लं, तयार करून दाखवलं, आता ते विकतही मिळतं. माझ्या तळ्याला ते चालेल. खाडीला नाही.

आता तिवरांबद्दल, कारण हे लिहिलं की गावात लोक माझ्याकडं डोळे वटारतात. माझी स्वतःची सव्वा एकर जमीन तिवरांखाली आहे. पूर्वी बांधाची देखभाल गावाची जोळ करायची, प्रत्येक घरचा माणूस चिखल टाकायला जायचा. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर बांध हळूहळू सरकारकडं गेले आणि जोळ मोडली. आमच्या बांधाला उधाणात खांड (भगदाड) पडली तेव्हा मी एका कार्यालयात तीन पावसाळे अर्ज देत होतो. खांड बुजली नाही, शेतात खारं पाणी खेळत राहिलं, बघता बघता तिवरं डोक्यावर गेली. २००५ साली उच्च न्यायालयानं तिवरतोड थांबवली, म्हणजे आता ती जमीन माझी फक्त सातबाऱ्यावर. राग आहेच. तरी सांगतो, बांधाबाहेरची तिवरं तोडा असं मी कधी म्हणणार नाही. लाटेचा मार आधी त्यांच्या अंगावर जातो, मग माझ्या बांधावर. आणि गेल्या भादव्यात त्याच बुडालेल्या शेतात पुतण्यानं पाग (फेकायचं जाळं) टाकला तर टोपलीभर बोय आणि कोळंबी मिळाली. भात पिकत होता तेव्हा एवढं कालवण तिथून कधी आलं नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच की बंदी यांत्रिकी नौकांना लागते, आणि त्याच दोन महिन्यांत खाडीच्या तोंडाशी, उघाड्यांपुढं मच्छरदाणीसारख्या बारीक आसाची (भोकांची) जाळी लागलेली असतात. समुद्रात वाचवलेलं पोर दारात मारायचं. आम्हीही लहानपणी हेच केलं, पण डब्यानं. आता पिंपानं चालतं. आपल्या वार्ताहरानं बंदरावरच्या होड्यांचा फोटो जरूर काढावा, पण जूनमध्ये एखादी अमावास्या इकडंही घालवावी. आमच्या उघाडीची झडप बिजागरीतून निखळली आहे, सध्या नायलॉनच्या दोरीनं बांधून ठेवलीय. तिचाही फोटो मिळेल.

आपला,
खारेपाटातला एक शेतकरी
पोयनाड परिसर, ता. अलिबाग, जि. रायगड