‘साधी सर्दी आहे’ हे ठरवलं कशावरून?

प्रति,
मा. संपादक,

विषय : नियम सैल झाल्यानंतर कोविडची चाचणी आणि विलगीकरण

सप्रेम नमस्कार.

“मामी, साधी सर्दी होती गं, म्हणून आलो होतो.” भाच्याचा हा फोन आला तेव्हा तो आमच्याकडे येऊन गेल्याला तीन दिवस झाले होते आणि माझ्या यजमानांच्या अंगात आदल्या रात्रीपासून ताप होता. ऑफिसातले दोघे पॉझिटिव्ह निघाले, म्हणून भाच्याने किट आणून घरीच चाचणी केली होती. दोन रेषा आल्या, दुसरी चांगली ठळक. बोलताना त्याचा आवाज रडवेला झाला होता.

माझ्या यजमानांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं आहे. नवं मूत्रपिंड शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणाऱ्या गोळ्या त्यांना रोज घ्याव्या लागतात आणि त्या जन्मभर सुटणार नाहीत. लशीचे सगळे डोस त्यांनी वेळेवर घेतले, पण याच गोळ्यांमुळे लशीलाही अशा रुग्णांचं शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही. अकरा दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले. आता बरे आहेत, मात्र जिना चढताना अजून मध्येच थांबतात.

भाच्याची तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. २०२१ साली हाच मुलगा यजमानांची औषधं दाराबाहेर ठेवून, चार पायऱ्या खाली उतरून, तिथून आमच्याशी बोलायचा. आम्ही “आत ये” म्हटलं तरी यायचा नाही. म्हणजे माया तीच, समजही तीच. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली : नियम गेला. नियमासोबत सवय गेली आणि सवयीसोबत शंकाही गेली. नाक वाहतंय म्हणजे कोविड असू शकेल, हे त्याच्या मनातच आलं नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं हेच झालं आहे.

नियम कुठे, कधी उठले हे आता कोणाच्या लक्षात नाही. इंग्लंडने विलगीकरणाची कायदेशीर सक्ती २४ फेब्रुवारी २०२२ रोजी काढली. ऑस्ट्रेलियात ती १४ ऑक्टोबर २०२२ पर्यंत होती, न्यूझीलंडमध्ये सात दिवसांची सक्ती १५ ऑगस्ट २०२३ ला संपली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पाच दिवस वेगळं राहण्याची शिफारस १ मार्च २०२४ रोजी मागे घेतली. मध्यंतरी ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी संघटनेचे महासंचालक टेड्रोस यांनी असंही बजावलं होतं की, या बातमीचा आधार घेऊन गाफील होणं ही कुठल्याही देशाकडून होणारी सर्वांत वाईट गोष्ट ठरेल. पहिलं वाक्य मथळ्यात आलं आणि घरोघरी पोचलं. दुसरं फारच थोड्यांपर्यंत गेलं.

सक्ती गेली तरी सल्ला शिल्लक होता, हेही असंच मागे पडलं. इंग्लंडमध्ये सक्ती उठल्यानंतरचा सल्ला असा होता : चाचणी पॉझिटिव्ह आली तर मोठ्यांनी शक्यतो पाच दिवस आणि मुलांनी तीन दिवस घरी राहावं, ज्यांना गंभीर आजाराचा धोका जास्त, त्यांना दहा दिवस भेटू नये. अमेरिकेचा नवा सल्लाही ‘काही करू नका’ असा नाही. तापाचं औषध न घेता चोवीस तास ताप नसावा आणि एकूण लक्षणं उतरणीला लागलेली असावीत, तोवर घरी थांबा. त्यानंतरचे पाच दिवस मास्क, मोकळी हवा आणि अंतर सांभाळा. हे पाळायला पोलिसांची गरज नाही. पण आधी आपल्याला काय झालंय हे माहीत हवं, आणि नेमकं तेच माहीत करून घेणं आपण सोडून दिलं आहे.

नियम परत आणा, असं मी म्हणत नाही. त्या नियमांनी माणसांची काय दशा केली ते मीही पाहिलंय. हातावर पोट असलेल्यांची कमाई बुडाली, कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. लसीकरणाने आणि होऊन गेलेल्या संसर्गामुळे बहुसंख्य लोकांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आली, तेव्हा सक्ती उठवणं योग्यच होतं.

माझा मुद्दा आहे तो “कळून तरी काय उपयोग?” या प्रश्नाचा. गेल्या वर्षभरात मी तो इतक्या जणांकडून ऐकलाय की आता प्रश्न पूर्ण होण्याआधीच माझ्या पोटात कालवतं. धडधाकट माणसाचा हिशेब सरळ असतो. पॉझिटिव्ह आलं काय, निगेटिव्ह आलं काय, गोळी तापाचीच घ्यायची आणि चार दिवसांत बरं व्हायचं. उलट कळलं तर घरी बसावं लागेल, रजा जाईल, ठरलेली भेट रद्द करावी लागेल. त्यापेक्षा न कळलेलंच बरं. हा हिशेब त्या एका माणसापुरता चुकतही नाही. त्याच्या शेजारी बसलेला माणूस मात्र त्यात कुठेच धरलेला नसतो.

आमच्या घरी त्या कळण्याचा उपयोग काय झाला असता, ते सांगते. पॅक्सलोव्हिड हे कोविडवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. पण त्यातल्या रिटोनाविर या घटकामुळे, प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिलं जाणारं, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साठू शकतं. म्हणून डॉक्टरांना आधी विचार करावा लागतो : टॅक्रोलिमस थांबवायचं की कमी करायचं, रक्ताच्या तपासण्या कधी कधी करायच्या, की हे सगळं टाळून तीन दिवस शिरेतून रेमडेसिव्हिर हे विषाणूवरचं दुसरं औषध द्यायचं. अशा निर्णयात एकेक दिवस मोलाचा असतो. घरात संसर्ग येऊन गेलाय हे भाचा गेला त्याच संध्याकाळी कळलं असतं, तर आम्ही डॉक्टरांना तेव्हाच फोन केला असता. यजमानांचा घसा खवखवायला लागला तो दिवस आम्ही “हवा बदललीय” म्हणून घालवला नसता.

घरच्या चाचणीवर लोकांचा विश्वास उरलेला नाही, हेही खरं आहे. “मी केली होती, निगेटिव्ह आली आणि नंतर सगळं घर झोपलं,” असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, मी स्वतः त्यातून गेले आहे. भाच्याच्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी एका सकाळी माझा घसा दुखत होता. चाचणी केली, किटवरच्या ‘सी’ या अक्षराजवळची एकच रेषा आली, म्हणजे निगेटिव्ह. हुश्श करून कामावर गेले आणि अर्धा दिवस बंद खोलीत बैठकीला बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा केली तेव्हा विषाणू सापडल्याचं दाखवणाऱ्या ‘टी’ जवळ फिकट रेषा उमटली. फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. त्या बैठकीतले दोघे नंतर आजारी पडले. त्यांना फोन करून “माझ्यामुळे झालं असेल” हे सांगताना मला किती जड गेलं, ते मलाच माहीत. यजमान तेव्हा वाचले, कारण घसा दुखतोय म्हटल्यावर त्या रात्रीपासूनच मी दुसऱ्या खोलीत झोपत होते.

माझी चूक चाचणीत नव्हती, एकाच चाचणीवर थांबण्यात होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलं होतं की, लक्षणं असताना घरची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी. लक्षणं नसतील तर तशाच अंतराने तीनदा करावी. याचं कारणही समजण्यासारखं आहे. आता बहुतेकांच्या शरीराला हा विषाणू ओळखीचा झालाय, त्यामुळे ताप, खवखव लवकर सुरू होते आणि नाकातलं विषाणूचं प्रमाण चाचणीत दिसण्याइतकं वाढायला त्यानंतर दोन-तीन दिवस लागू शकतात. पहिल्या दिवशीच्या एका रेषेचा अर्थ ‘अजून दिसत नाही’ एवढाच धरावा.

ब्रिटनमध्ये २०२१ साली झालेल्या एका प्रयोगाबद्दल मी वाचलं होतं. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू मुद्दाम सोडला गेला आणि त्यांच्यावर चोवीस तास लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या निम्म्यांना, म्हणजे १८ जणांना संसर्ग झाला. त्यांच्याकडून आसपास किती विषाणू बाहेर पडतो तेही मोजलं. पहिलं लक्षण जाणवण्याआधी त्यातला फक्त ७ टक्के बाहेर पडला होता आणि अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह येण्याआधी अवघा २ टक्के. तो विषाणूचा जुना प्रकार होता आणि त्या मुलांना आधी ना संसर्ग झाला होता ना लस मिळाली होती, त्यामुळे आकडे आज तसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी मला त्यातून फार धीर आला. “लक्षणं दिसेपर्यंत पसरायचा तो पसरून गेलेला असतो, मग आता काय करायचंय,” असं म्हणून हात टेकणाऱ्यांना माझ्याकडे निदान एक उत्तर आहे.

विलगीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अजून ती कुलूपबंद खोली येते. छोट्या घरात तशी खोली नसतेच. खिडक्या उघड्या ठेवणं, घरातल्या घरात मास्क लावणं, म्हाताऱ्या माणसाशेजारी न झोपणं, एवढं केलं तरी धोका पुष्कळ उतरतो. आणि बाहेर पडायच्या आधी ‘अजून पसरवू शकतो का’ हे पाहायला घरची चाचणीच बरी. प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते, तिच्यावरून हा निर्णय करता येत नाही.

ज्यांना घरी बसणं परवडत नाही त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्यांच्या हातात रजा देणं असतं, त्यांच्यावर माझा राग आहे. “ताप उतरलाय ना, मग या” असं सांगणारा वरिष्ठ एका माणसाचे दोन दिवस वाचवतो आणि आठवड्याने पाच जणांच्या रजेचे अर्ज हातात घेतो. आजारपणाची पगारी रजा ज्यांना आहे त्यांना ती विनाचौकशी मिळावी, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी ती असावी. यावर आपल्या वृत्तपत्राने एकदा ठामपणे लिहावं.

अजून एक गोष्ट मनाला लागून आहे. लोक चाचणी करत नाहीत, आणि केली तर सांगत नाहीत. पहिल्या लाटेत पॉझिटिव्ह माणसाला कसं वागवलं ते सगळ्यांच्या स्मरणात आहे. शेजारी बोलेनासे झाले, बरे झाल्यावरही लोक लांबून जायचे. त्या धास्तीने तोंडं मिटली ती अजून उघडलेली नाहीत. भाचा मला नंतर म्हणाला, “पॉझिटिव्ह आल्याचं ऑफिसात सांगितलं तर सगळे माझ्याकडेच बघतील असं वाटलं.” ज्या दोघांमुळे त्याला चाचणी करावीशी वाटली, त्यांनी सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. त्या दोन अनोळखी माणसांची मी मनापासून ऋणी आहे.

एक विनंती करते. पूर्वी आपण रोज पहिल्या पानावर रुग्णसंख्या छापत होता. आता कुठेच फारशा चाचण्या होत नाहीत, त्यामुळे तशा आकड्यांना अर्थ नाही, हे मी समजू शकते. पण ज्या दिवसांत घरोघरी खोकला ऐकू येतो, त्या दिवसांत एक छोटी चौकट छापा. चाचणी कधी करायची आणि ४८ तासांनी पुन्हा का करायची, फिकट रेषेचा अर्थ काय, किती दिवस कोणाला भेटायचं नाही, मूत्रपिंडाचे, कर्करोगाचे, प्रत्यारोपणाचे रुग्ण घरी असतील तर डॉक्टरांना पहिला फोन कधी करायचा. एवढंच त्यात असलं तरी पुरे. मी ती कापून दाराच्या आतल्या बाजूला लावीन. भाचा हल्ली येण्याआधी फोन करतो आणि नाक जरी चोंदलेलं असलं तरी सांगतो. मागच्या रविवारी तो आला नाही, पायऱ्यांवर पिशवी ठेवून खालूनच यजमानांशी अर्धा तास गप्पा मारून गेला.

आपली नम्र,
एक नियमित वाचक